टीपॉयची माफी

उत्तरेश्वरला माफी मागायच्या एकूण सात पद्धती अवगत झाल्या होत्या. पहिली उभ्याउभ्या, मान तिरकी करून. ही लिफ्टमध्ये चालायची. दुसरी चप्पल काढून, दुसऱ्याच्या दारात. तिसरी मोबाइलवरून, हात जोडलेल्या चित्रासकट. अशा करत करत सातवी. ती अजून शिकाऊ अवस्थेत होती. तीत काही बोलायचं नसतं, नुसतं खाली बघून जमीन दुभंगायची वाट बघायची असते. पण वाघोलीतल्या त्यांच्या सोसायटीत बिल्डरने नेमकी फरशीच तेवढी मजबूत बसवली होती.

ज्याच्या वतीने ह्या सगळ्या माफ्या मागायच्या तो समर्थ, वय वर्षं दोन आणि महिने चार, वजन साडेदहा किलो. समर्थ मारायचा. चिडून, लाल होऊन मारायचा असं नाही. टपाल कार्यालयातला माणूस पाकिटावर शिक्का मारतो तसा, कामाचा भाग म्हणून मारायचा. त्याने लस देणाऱ्या सिस्टरना मारलं होतं, वॉचमनला मारलं होतं. शेजाऱ्यांच्या सत्यनारायणाला आलेल्या गुरुजींना तर आरतीच्या ठेक्यात मारलं, त्यामुळे निम्म्या पाहुण्यांना तो विधीचाच भाग वाटला आणि एका आजोबांनी भक्तिभावाने पाठ पुढे केली.

मंगळवारी सकाळी पावणेबाराला खराडीच्या ऑफिसात उत्तरेश्वरचा फोन वाजला. फोन द्वारकाकाकूंचा होता. समर्थ त्यांच्या पाळणाघरात जायचा.

“या,” काकू म्हणाल्या.

“काय झालं काकू?”

“या म्हटलं ना. आल्यावर दिसेलच.”

उत्तरेश्वरने साहेबाला सांगितलं, मुलाला ताप आलाय. खोटं बोलल्याची लाज घेऊन तो स्कूटर काढून निघाला, तेव्हा महिन्याभरातली ही सहावी वेळ होती. एवढा ताप येणाऱ्या मुलाला एव्हाना मोठ्या इस्पितळात न्यायला हवं होतं, आणि साहेब तसं सुचवायला लागलाही होता.

द्वारकाकाकूंनी कोथरूडमध्ये तीस वर्षं बालवाडी चालवली होती. मुलाने वाघोलीत फ्लॅट घेतल्यावर त्या इकडे आल्या आणि तळमजल्यावर पाळणाघर काढलं. अकरा मुलं, काकू, आणि मदतीला निशा नावाची मुलगी. काकू मुलांशी फार गोड बोलायच्या. मोठ्या माणसांसाठी त्यांच्याकडे गोडवा उरत नसे.

“आज कोणाला?” उत्तरेश्वरने दारातच विचारलं. दुसरी पद्धत, चप्पल काढून झाली होती.

“पृथ्वीराजला.”

पृथ्वीराज अडीच वर्षांचा होता, पण अंगाने चार वर्षांचा दिसायचा. ज्यांच्या शेतावर आजूबाजूच्या दोन सोसायट्या उभ्या होत्या त्या सोजरबाईंचा तो नातू. साडेदहा किलोच्या आपल्या मुलाने त्याला हाणलं हे ऐकून उत्तरेश्वरला क्षणभर, अगदी क्षणभरच, अभिमान वाटला. मग आत कोपऱ्यात हुंदके देणारा पृथ्वीराज आणि त्याच्या गालावर उठलेली चार चिमुकली बोटं दिसली, आणि त्या क्षणभराची त्याला पुढे तासभर लाज वाटली.

“सहा वेळा झालं,” काकू म्हणाल्या. “शुक्रवारपर्यंत बघते. फरक दिसला नाही तर सोमवारपासून तुमची सोय तुम्ही बघा. बाकीच्यांच्या मुलांना मार खायला पाठवत नाहीत त्यांचे आईबाप.”

“काकू, दीपमालाची नोकरी...”

“मला माहीत आहे. म्हणून शुक्रवार म्हटलं. नाहीतर आज म्हटलं असतं.”

दीपमाला म्हणजे उत्तरेश्वरची बायको. अडीच वर्षांनी तिला पुन्हा पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम मिळालं होतं. तिसरा आठवडा चालू होता, पहिले सहा महिने सुट्टी मागायची सोय नव्हती. धाराशिवला उत्तरेश्वरच्या आईचे गुडघे गेलेले. दीपमालाची आई तिच्या भावाच्या जुळ्यांत अडकलेली. पाळणाघर सुटलं की दीपमालाची नोकरी सुटली, हे घरात कोणी बोललं नव्हतं, पण दोघांना पाठ होतं. नोकरी उत्तरेश्वरने सोडावी असा विषयच कधी निघाला नव्हता. तो का निघाला नाही याचीही त्याला लाज वाटायची. पण सध्या रांगेत आधीच्या बऱ्याच लाजा होत्या.

“एक विचारू?” काकू म्हणाल्या. “घरात कोण मारतं?”

“कोणी नाही!” उत्तरेश्वर दुखावला. “डासांची बॅट सोडली तर आमच्या घरात कुणी कुणावर हात उचलत नाही काकू. आम्ही त्याला साधं ‘अरे’सुद्धा म्हणत नाही, ‘अरे बाळा’ म्हणतो.”

“असं?” काकूंनी चष्म्यावरून बघितलं. “मारायच्या आधी तो ‘हत्’ म्हणतो. आणि मारून झालं की आमच्याकडे बघून हसतो. शाबासकी राहिली असल्यासारखा. पोटातून शिकून येत नाहीत मुलं हे. शोधा.”

उत्तरेश्वर सॉफ्टवेअर तपासायचं काम करायचा. दुसऱ्यांच्या चुका शोधायचा त्याला पगार मिळायचा, त्यामुळे हे आपल्याला सहज जमेल असं त्याला वाटलं. बुधवारी त्याने घरून काम करायची परवानगी काढली, समर्थला घरीच ठेवलं आणि एक तक्ता केला: वेळ, ठिकाण, कोणाला, कोणत्या हाताने. संशयितही मांडले. मोबाइलवरची कार्टून? त्यातला हत्ती फक्त रंग शिकवायचा. वरच्या मजल्यावरचा ऋषी? तो अजून मान धरायला शिकत होता. धाराशिवचं पाणी? समर्थ तिकडे एकदाच गेला होता आणि तेव्हा दूधच प्यायचा. संध्याकाळी पाचपर्यंत तक्त्यात एकही नोंद झाली नाही, कारण समर्थ दिवसभर कमालीचा गुणी वागला. उत्तरेश्वर मात्र दिवसभर त्याच्यामागे वही घेऊन, काहीतरी घडावं म्हणून वाट बघत फिरला.

साडेपाचला दीपमाला लॅबमधून आली. उत्तरेश्वर परदेशातल्या लोकांबरोबर कॉलवर होता. आई आली म्हणून समर्थ दाराकडे धावला, आणि टीपॉयचा कोपरा त्याच्या कपाळाला लागला.

त्याने भोकाड पसरलं. उत्तरेश्वर कानातलं यंत्र तसंच ठेवून उठला, त्याला कडेवर घेतलं आणि मोकळ्या हाताने टीपॉयच्या थोबाडीत, म्हणजे टीपॉयला जिथे थोबाड असतं तिथे, सणसणीत ठेवून दिली.

“कुणी लावलं माझ्या वाघाला? ह्यानं? हत् लेका! माझ्या समर्थला लावतो? घे! अजून घे!”

समर्थ रडता रडता हसायला लागला. “हत्!” म्हणून त्यानेही एक ठेवून दिली. मग मान वळवून आईकडे बघितलं. शाबासकी राहिली होती.

दीपमाला दारातच उभी होती. खांद्याची पर्स तिने काढली नव्हती. चिडली की तिची भाषा पुण्यातून थेट धाराशिवला जायची.

“अहो. काय करायलाव तुम्ही?”

“काय? लागलं त्याला.”

“परत म्हणा बरं, काय म्हणालाव ते.”

“हत् ले...” उत्तरेश्वर म्हणाला, आणि थांबला.

कानात कोणीतरी इंग्रजीत विचारत होतं की तिकडे सगळं ठीक आहे ना. कॉल चालूच होता. नऊ माणसांनी ऐकलं होतं. उत्तरेश्वरने सातवी पद्धत वापरली.

मग तो सोफ्यावर बसला आणि आठवत गेला. टीपॉय नेहमीचाच. फ्रीज. बाथरूमचं दार. जिन्याची तिसरी पायरी. बागेतला बाक. पार्किंगमधली चेअरमनांची अ‍ॅक्टिव्हा, तिला तर दोनदा. आजवर त्याने ज्या ज्या वस्तूंना चोपलं होतं त्यांनी एकजूट केली असती, तर सोसायटीची निम्मी मालमत्ता पोलीस चौकीत दिसली असती. लागलं की ज्याने लावलं त्याला बाबा हाणतो, सगळे हसतात, दुखणं संपतं. समर्थने दोन वर्षं मन लावून शिक्षण घेतलं होतं. आता तो नुसता सराव करत होता.

“आमच्यात असंच करतात,” तो म्हणाला. “माझी आजी उंबऱ्याला लाटण्यानं मारायची. वडील बाजेला लाथ घालायचे.”

“आमच्यात काय वेगळं करतात?” दीपमाला त्याच्याशेजारी बसली. पर्स अजून खांद्यालाच. “आणि मी टाळ्या वाजवायची. परवाच वाजवल्या.”

मग तिने टीपॉयकडे बोट दाखवलं.

“मागा,” ती म्हणाली.

“काय?”

“माफी. त्याची. पोरगं बघायलंय.”

आणि उत्तरेश्वरने, संगणकशास्त्राच्या पदवीधराने, टीपॉयसमोर मांडी घालून कोपऱ्यावरून हात फिरवला आणि म्हटलं, “चुकलं बाबा माझं. तू तर एका जागी उभा होतास.” समर्थने हे सगळं फार गंभीरपणे पाहिलं. मग जवळ जाऊन, खात्री करायला, टीपॉयला एक ठेवून दिली.

गुरुवारी संध्याकाळी तिघं सोसायटीच्या बागेत गेले. घरी बसून काय होणार, असं दीपमालाचं म्हणणं. उत्तरेश्वरची तयारी झाली होती. समर्थला काही लागलं तर वस्तूला मारायचं नाही, जवळ घ्यायचं, “लागलं ना? दुखतंय ना?” एवढंच म्हणायचं. त्याने आरशासमोर तीनदा म्हणूनही बघितलं होतं.

बागेत घसरगुंडीवर समर्थ पुढे होता, पृथ्वीराज मागे. बाजूच्या बाकावर सोजरबाई आणि पाचसहा आया, दोन आजोबा. पृथ्वीराज घाईने खाली आला आणि समर्थ वाळूत पालथा पडला. यात कुणाची चूक नव्हती. वजनाचा प्रश्न होता. समर्थ उठला, तोंडातली वाळू थुंकली, “हत्!” म्हणाला आणि पृथ्वीराजच्या नाकावर शिक्का मारला.

नाकातून रक्त आलं. फार नाही, पण पांढऱ्या बंडीवर थेंबभरही पुरतं.

उत्तरेश्वर धावला. सगळ्या बाकांवरचं बोलणं थांबलं होतं आणि सगळे आपल्याकडे बघतायत हे त्याला मानेमागे कळत होतं. उद्याचा शुक्रवार दिसला, दीपमालाचा लॅबमधला पांढरा कोट दिसला, आणि आरशासमोर पाठ केलेलं सगळं पुसलं गेलं. त्याने समर्थचं मनगट धरलं आणि त्याच्या हातावर फटकन मारलं.

“मारायचं नाही! सांगितलं ना, मारायचं नाही!”

आवाज बराच मोठा झाला. फटक्याचाही.

“बघा की,” सोजरबाई नातवाचं नाक पदराने दाबत म्हणाल्या, “मारू नगं म्हनून मारतोय इंजनेर.”

कोणीतरी हसलं. समर्थ रडला नाही. तो आधी आपल्या लाल होत चाललेल्या हाताकडे बघत राहिला. मग घरी शिकवलं होतं तसं, काय लागलं ते शोधायला लागला. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. टीपॉय नव्हता, पायरी नव्हती, अ‍ॅक्टिव्हा नव्हती. शेवटी त्याला सापडलं. बाबाचा उजवा हात तिथेच लोंबकळत होता. समर्थने त्याचं एक बोट धरलं आणि तो हात ओढत ओढत वर, बाबाच्याच तोंडासमोर आणला.

“बाबा, ह्यानं लावलं,” तो म्हणाला. “हाण ह्याला.”

आता कोणी हसलं नाही.

उत्तरेश्वर वाळूत बसला. डाव्या हाताने आपल्याच उजव्या हाताला मारावं, तर उद्यापासून पुन्हा तेच. न मारावं, तर ज्याच्या भरवशावर पोरगं तक्रार घेऊन आलंय तोच उलटला. समर्थ वाट बघत होता. बाबा जगातल्या सगळ्यांना हाणतो, ह्यालाही हाणेल, याची त्याला जराही शंका नव्हती.

“हाण ना.”

“नाही रे बाळा. हाणायचं नाही.” उत्तरेश्वर म्हणाला. “हा हात माझाच आहे. मीच लावलं तुला.”

समर्थने हाताकडे बघितलं, मग चेहऱ्याकडे. हात आणि बाबा एकच आहेत हे त्याला तेव्हा कळलं असावं, कारण आता त्याने ओठ काढले आणि तो रडला. आणि रडता रडता जवळ यायला पाहिजे होतं, पण तो बाबाकडे आला नाही. दीपमालाकडे गेला.

दीपमालाने समर्थला उचलून घेतलं, ती सोजरबाईंपाशी गेली, पृथ्वीराजचं नाक बघितलं, थंड पाण्याची बाटली दिली. उत्तरेश्वरही उठून गेला. माफी मागायला त्याने तोंड उघडलं, तर सातांपैकी एकही पद्धत आठवेना.

“ऱ्हाऊ द्या आता,” सोजरबाई म्हणाल्या. “नाकाचं काय न्हाई, थांबलंय. तुमच्या लेकराकडं बघा. माझ्या पोराला मीबी लई मारलाय लहानपणी. आता चाळीशीचा हाय. मी जवळ गेले की आजून खांदा आखडतो.”

शुक्रवारी उत्तरेश्वर एकटाच समर्थला घेऊन पाळणाघरात गेला. साहेबाला त्याने ताप सांगितला नाही, नुसती रजा टाकली.

“काकू, मी मंगळवारी खोटं बोललो,” तो दारात म्हणाला.

“कुठलं? तुम्ही बरंच बोललात.”

“घरात कोणी मारत नाही म्हणालो ते. मी मारतो. आधी टीपॉयला मारायचो. काल त्याला मारलं. सगळ्यांसमोर.”

काकूंनी त्याच्याकडे बघितलं. चष्म्यावरून नाही, चष्म्यातून.

“आत या,” त्या म्हणाल्या. “बसा इथे.”

त्यांनी दाखवलेली खुर्ची वीतभर उंचीची, बदकाच्या आकाराची होती. उत्तरेश्वर बसला. त्याचे गुडघे कानांशी आले.

“त्याच्यापासून एक हात अंतरावर राहायचं. दिवसभर. त्याचा हात उठला की लागायच्या आधी धरायचा. पिरगाळायचा नाही, धरायचा. ‘मारू देणार नाही’ एवढंच म्हणायचं. आवाज न चढवता. भाषण द्यायचं नाही. दोन वर्षांच्या मुलाला भाषण कळत नाही. मोठ्यांनाही कळत नाही, असा माझा अनुभव आहे.”

“आणि त्याला राग आला तर?”

“येऊ दे की. तुम्हाला येतो ना? पाय आपटू दे, रडू दे. तुम्ही हलायचं नाही तिथून. आणि चुकून लागलंच कुणाला, तर आधी ज्याला लागलं त्याच्याकडे जायचं. तुमची लाज नंतर. तिला काही घाई नसते.”

दहा वाजता समर्थने पहिला हात उचलला. पृथ्वीराजने लाल ठोकळा घेतला होता. उत्तरेश्वरने बदकावरून झेप घेऊन हात हवेतच धरला. “मारू देणार नाही.” तासभर रांगेत थांबून नंबर लागावा आणि नेमकी खिडकी बंद व्हावी, तसा समर्थ त्याच्याकडे बघत राहिला. मग जमिनीवर आडवा झाला आणि अकरा मिनिटं ओरडला. उत्तरेश्वर शेजारी बसून राहिला. निशा येऊन पाणी ठेवून गेली. ते समर्थसाठी होतं, पण उत्तरेश्वरच प्यायला.

दुपारपर्यंत सहा वेळा हात धरला. एकदा चुकला, ठोकळा निशाच्या कोपराला लागला. उत्तरेश्वर आधी तिच्याकडे गेला. आणि जेवणाआधी एकदा समर्थने हात उचलला, तो तसाच वर ठेवून बाबाकडे बघितलं, आणि पाय आपटला. ते बघून पृथ्वीराजने आपटला. मग अकराच्या अकरा मुलांनी. शेजारच्या फ्लॅटमधल्या गृहस्थांनी बेल वाजवून विचारलं की फरशी काढताय का. काकू म्हणाल्या, “नाही, बसवतोय,” आणि दार लावलं.

तीन वाजता मुलं झोपून उठल्यावर काकू आल्या.

“सोमवारी आणा,” त्या म्हणाल्या. “पंधरा दिवस रोज पहिला तास तुम्ही बसायचं. तुम्ही. बायकोला पाठवायचं नाही, तिला नोकरी आहे.”

उत्तरेश्वरने मान हलवली. दीपमालाला कळवायला फोन काढला, तर तिचे चार निरोप येऊन पडले होते, चारही एकाच शब्दाचे: काय? त्याने लिहिलं, ठेवून घेतलं त्याला. मग निघायची तयारी म्हणून तो उठला. समर्थ भिंतीला टेकून चपलेचा पट्टा लावायची खटपट करत होता. त्याचं दप्तर त्याच्या डोक्यावरच्या खुंटीला अडकवलेलं होतं. उत्तरेश्वरने ते काढायला हात वर केला.

समर्थने डोळे घट्ट मिटून मान खांद्यात घेतली.

उत्तरेश्वरचा हात हवेतच राहिला. मग त्याने तो सावकाश खाली आणला, परत बदकावर बसला आणि दोन्ही तळहात उताणे करून गुडघ्यांवर ठेवले. समर्थने आधी एक डोळा उघडला. हात कुठे आहेत ते बघितलं. मग दुसरा.

काकूंनी येऊन दप्तर काढलं, उत्तरेश्वरच्या शेजारी ठेवलं आणि त्या आत गेल्या. समर्थ पुन्हा चपलेकडे वळला. पट्टा लागत नव्हता. उत्तरेश्वरला तो लावून द्यायचा होता, पण त्यासाठी हात पुढे करावा लागला असता. तो बसून राहिला.